तळं कोणाचं? महाराष्ट्रातल्या सार्वजनिक तलावांच्या कारभाराबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमच्याकडे येणारा बहुतेक प्रश्न एका फोटोने सुरू होतो. तळ्याच्या पाळीला, म्हणजे मातीच्या बांधाला, पडलेली भेग, काठावर ओतलेला राडारोडा, नाहीतर पाण्यावर उलटे तरंगणारे मासे. फोटोखाली एकच ओळ असते, "तक्रार कुठे करायची?" गेल्या काही वर्षांत पुन्हा पुन्हा आलेले प्रश्न इथे जवळपास विचारणाऱ्यांच्याच शब्दांत दिले आहेत. उत्तरं महाराष्ट्रापुरती आहेत. भंडारा-गोंदियाकडची उदाहरणं जास्त दिसतील, कारण तिथली तळी मी सर्वांत जवळून पाहिली आहेत.

१. गावातलं तळं 'सरकारी' आहे असं सगळे म्हणतात. म्हणजे नेमकं कोणाचं?

मालकी राज्य शासनाची. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम २० प्रमाणे नद्या, नाले, तळी, तलाव यांचे तळ आणि त्यांतलं साचलेलं किंवा वाहतं पाणी, जे कोणा व्यक्तीच्या कायदेशीर मालकीचं नाही, ते शासनाचं आहे.

मालक एक असला तरी कारभारी अनेक असतात. पाण्याखालची जमीन महसूल खात्याच्या दप्तरात असते. पाळ, जास्तीचं पाणी वाहून जायचा सांडवा आणि पाणी सोडायचं दार पाटबंधाऱ्याच्या कोणत्या तरी शाखेकडे असतं. मासेमारीचा ठेका बऱ्याचदा तिसऱ्याच कार्यालयातून निघतो. पाण्यात घाण सोडली तर प्रदूषण नियंत्रण मंडळ येतं, काठ अभयारण्यात असेल तर वन विभाग. म्हणून "तळं कोणाचं?" असं विचारलं की प्रत्येक कार्यालय दुसऱ्याकडे बोट दाखवतं. "तळ्याची पाळ कोणाची?" किंवा "तळ्यातली जमीन कोणाची?" असं विचारलं की उत्तर मिळतं. पुढचे सगळे प्रश्न याच फरकातून आले आहेत.

२. आमचं तळं कोणत्या खात्याकडे आहे हे कसं ओळखायचं?

गावात सगळ्यांनाच सरसकट 'इरिगेशन' म्हणतात आणि घोळ तिथूनच सुरू होतो. 'इरिगेशन' एक नाही. मोजमाप असतं ते तळ्याच्या पाण्याने किती जमीन भिजू शकते याचं, म्हणजे सिंचन क्षमतेचं. तळं केवढं पसरलं आहे त्यावर हे ठरत नाही. १०० हेक्टरपर्यंत क्षमता असेल तर ते सर्वसाधारणपणे जिल्हा परिषदेच्या लघु पाटबंधारे विभागाकडे असतं. त्यावर ६०० हेक्टरपर्यंत राज्याचं मृद व जलसंधारण खातं, जे २०१७ मध्ये स्वतंत्र झालं. त्याहून मोठ्या योजना जलसंपदा विभागाकडे.

सिंचन नसलेलं, फक्त गुरांना पाणी पाजायचं नाहीतर कपडे धुवायचं गावतळं बहुधा ग्रामपंचायतीकडे असतं. ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम ५१ खाली शासन तळी, विहिरी, नाले पंचायतीकडे सोपवू शकतं. आपलं तळं खरोखर सोपवलं आहे का, याचा कागद मागा. "पूर्वीपासून पंचायतच बघते" हे उत्तर पुरेसं नाही. शहरातल्या तळ्यांसाठी प्रश्न ९ पाहा.

सीमारेषेवरची तळी त्रास देतात. जुन्या काळी १०० हेक्टरच्या वर नोंदवलेलं तळं गाळाने भरून आज ४० हेक्टरही भिजवत नसेल, तरी कागदावर ते मूळ क्षमतेप्रमाणेच चालतं. हस्तांतराचा लेखी आदेश निघेपर्यंत जबाबदारी जुन्याच खात्याची राहते.

३. सातबाऱ्यावर तळ्याचं नावच नाही. आता?

घाबरू नका, पण ढिलाईही करू नका. तलाठी म्हणजे आताचे ग्राम महसूल अधिकारी. त्यांच्याकडे सातबाऱ्याशिवाय आणखी कागद असतात. गाव नकाशा बघा. तळ्याचा आकार तिथे रेषेत काढलेला असतो आणि गट क्रमांकही लिहिलेला असतो. आकारबंद म्हणजे गाव नमुना १ मध्ये क्षेत्र कशासाठी आहे ते दिसतं. भूमी अभिलेख कार्यालयातून महसूल बंदोबस्ताच्या, म्हणजे साराआकारणीच्या, वेळचा जुना नकाशा काढता येतो.

विदर्भातल्या वाचकांना मी आवर्जून सांगते, निस्तार पत्रक आणि वाजिब-उल-अर्ज मागा. गावाला सरकारी पडीक जमिनीत गुरचराईचे, लाकूडफाट्याचे काय हक्क आहेत ते निस्तार पत्रकात असतं. पाणी, वाट आणि मासेमारी यांच्या गावातल्या रूढी वाजिब-उल-अर्जमध्ये नोंदवतात. एकदा एका गावाच्या दप्तरात असा जुना कागद उघडला. पान कडेने तुटलेलं, शाई तपकिरी झालेली, पण पाणी आधी कोणत्या बांध्यांना (बांध घातलेल्या धानाच्या शेतांना) द्यायचं हे स्पष्ट लिहिलेलं. ज्या दोन घरांत वीस वर्षं भांडण होतं त्यांच्या दोन्ही वारसांनी तो कागद उभ्याउभ्या वाचला.

४. 'मामा तलाव' म्हणजे काय? त्यांचे नियम वेगळे आहेत का?

मामा म्हणजे माजी मालगुजारी. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली आणि नागपूर या जिल्ह्यांत असे साडेसहा हजारांहून जास्त तलाव नोंदलेले आहेत. गोंड राजांच्या काळापासून तळी बांधणाऱ्याला जमीन देण्याची रीत या भागात होती आणि त्या कामात कोहळी समाजाचा हात कोणी धरू शकत नव्हतं. नवेगावबांधचा प्रचंड तलाव कोलू पाटील कोहळी यांनी बांधला असं परंपरा सांगते. ओढ्याला आडवी मातीची पाळ घालायची, खाली धानाचे बांधे काढायचे, वरच्या तळ्याचा सांडवा खालच्या तळ्यात सोडायचा, असं हे जाळं आहे. एका तळ्याची पाळ फुटली की खालच्या तीन तळ्यांना धोका असतो, तो यामुळे.

मालगुजार शेतसारा वसूल करी आणि पाळ दुरुस्तही करून घेई. तेव्हाच्या मध्य प्रदेशाच्या १९५० च्या कायद्याने मालगुजारी संपली आणि १९५१ पासून तलाव शासनाकडे आले. पुढे १९५६ मध्ये विदर्भ मुंबई राज्यात आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात आला. जमीन महसूल खात्याकडे, बांधकाम पाटबंधाऱ्याकडे, बहुतेक लहान तलाव जिल्हा परिषदेकडे, अशी वाटणी होत गेली. या वाटणीत एक काम कोणाच्याच वाट्याला आलं नाही, ते म्हणजे दरवर्षी पावसाआधी पाळीवर चालत जाऊन उंदराची बिळं, मुंग्यांची वारुळं आणि झाडांची मुळं बघणं. पूर्वी ते गाव करी. माझ्या मते या तलावांचं सर्वांत मोठं नुकसान याच एका गोष्टीने झालं.

नियम वेगळे आहेत का? व्यवस्थापनाचे नाहीत, प्रश्न २ मधलीच चौकट लागू होते. हक्कांच्या नोंदी मात्र वेगळ्या आहेत (प्रश्न ३). बोडी म्हणजे शेतातलं लहान तळं, ती बऱ्याचदा खासगी असते. ती मामा तलावात धरू नका.

५. तळ्याचं पाणी कधी आणि कोणाला सोडायचं, हे कोण ठरवतं?

मोठ्या प्रकल्पांवर कालवा सल्लागार समिती आवर्तनं, म्हणजे पाणी सोडायचे फेरे, ठरवते. लहान तलावावर संबंधित खात्याचा शाखा अभियंता, आणि २००५ च्या 'सिंचन पद्धतीचे शेतकऱ्यांकडून व्यवस्थापन' कायद्याखाली पाणी वापर संस्था झाली असेल तर ती संस्था. राज्याच्या जलनीतीत पिण्याचं पाणी पहिलं. दुसरा क्रमांक २००३ च्या धोरणात उद्योगाला होता, तो २०११ मध्ये बदलून शेतीला दिला गेला. टंचाईच्या वर्षी जिल्हाधिकारी पिण्यासाठी पाणी राखून ठेवू शकतात आणि तो आदेश आला की शेतीचं आवर्तन थांबतं.

६. मासेमारीचा ठेका कोण देतं? शेतकरी पाणी उपसून घेतात आणि मासे मरतात, तेव्हा कोणाकडे जायचं?

पाटबंधाऱ्याच्या मोठ्या जलाशयांत ठेका मत्स्यव्यवसाय विभाग देतो आणि तो मच्छीमार सहकारी संस्थांना मिळतो. जिल्हा परिषदेच्या तलावांचा ठेका जिल्हा परिषद देते, ग्रामपंचायतीकडच्यांचा ग्रामपंचायत. म्हणजे आधी प्रश्न २ चं उत्तर शोधावं लागतं.

दुसऱ्या भागाचं उत्तर अवघड आहे, कारण दोन्ही बाजू खऱ्या असतात. दिवाळीच्या आसपास धानाला शेवटचं पाणी हवं असतं. त्याच पाण्यात मासेमारी करणाऱ्या ढिवर समाजाच्या कुटुंबांनी पावसाळ्यात माशांचं बीज सोडलेलं असतं. एक तळं मी मार्चमध्ये पाहिलं. मधोमध एवढंच पाणी उरलेलं की मासे श्वासासाठी वर येत होते, आणि पाळीवर बसलेली बाई मोजत होती की किती दिवस निघतील. पाणी सोडणारं कार्यालय एक आणि मासेमारीचा ठेका देणारं दुसरं असेल, तर त्या पाण्याचा एकत्र हिशेब दोघांपैकी कोणीच करत नाही. म्हणून ठेक्याचा करार होतानाच, पाणी किती खाली गेलं की दार बंद करायचं ती पातळी लिहून घ्या, आणि त्या पातळीचं पत्र पाणी सोडणाऱ्या कार्यालयाला द्या. नंतर भांडायला गेलं की उशीर झालेला असतो.

७. तळ्यातला गाळ शेतात नेता येतो का? परवानगी कोणाची?

येतो. 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' योजना २०१७ मध्ये सुरू झाली आणि २०२३ मध्ये पुन्हा चालू झाली. ती मृद व जलसंधारण खात्याची आहे, पण गाळ काढायचा असतो तो ज्या खात्याच्या ताब्यात तळं आहे त्याच्या संमतीने.

स्वतःच्या शेतात पसरायला गाळ नेणं ही एक गोष्ट. वाळू किंवा मुरूम उचलणं दुसरी. ते गौण खनिज असून त्यासाठी महसूल खात्याचा परवाना आणि स्वामित्वधन लागतं. ट्रॅक्टर पाळीजवळ खोदत असेल तर त्याला लगेच थांबवा. पाळीच्या पायथ्याची माती काढली की पहिल्याच मोठ्या पावसात पाणी पाळीखालून वाट काढतं. खरा गाळ ओळखायला सोपा असतो. तो काळा आणि मऊ, हाताला चिकटणारा. फावडं लागून पिवळसर कडक थर आला की तिथे थांबायचं. ती तळ्याची मूळ माती असते आणि पाणी धरून ठेवण्याचं काम तीच करते.

८. तळ्यात अतिक्रमण झालंय. कोणाकडे जाऊ?

तहसीलदाराकडे. पाळ ज्या खात्याची आहे त्याच्याकडे फक्त प्रत द्या. जमीन शासनाची असल्यामुळे महसूल संहितेच्या कलम ५० खाली अतिक्रमण काढण्याचा अधिकार महसूल यंत्रणेला आहे. गाव नमुना १-ई मध्ये त्याची नोंद झाली आहे का तपासा. नसेल तर अर्जातच नोंद घ्यायला सांगा. हद्द वादात असेल तर भूमी अभिलेखाची मोजणी लागते. ती आधी मागितली तर सहा महिने वाचतात.

सर्वोच्च न्यायालयाचा जानेवारी २०११ चा जगपाल सिंग निकाल अर्जाला जोडा. तो पंजाबातल्या एका गावतळ्याचाच होता आणि त्यात सगळ्या राज्यांना गावाच्या सामाईक जमिनींवरची अतिक्रमणं काढायला सांगितलं आहे. त्यानंतर १२ जुलै २०११ रोजी महाराष्ट्र शासनानेही निर्णय काढला.

मात्र पाणी ओसरल्यावर उघड्या पडलेल्या जमिनीवर कोणी पीक घेतलं तर ते दरवेळी अतिक्रमण नसतं. तिला गाळपेर जमीन म्हणतात आणि ती हंगामापुरती भाड्याने देण्याची पद्धत आहे. २०१८ च्या दुष्काळात तर चारा पिकांसाठी ती नाममात्र दराने दिली गेली. मुदतीचा कागद आहे का ते बघा. गाळपेरवाल्याने बांध घातला, विहीर खणली किंवा झोपडं उभं केलं, तर कागद असूनही ते अतिक्रमण.

९. आमचं तळं शहरात आहे. सगळं महापालिकेचंच असतं ना?

बहुतेक, पण सगळं नाही. कोल्हापूरचा रंकाळा, मुंबईचा पवई तलाव यांची देखभाल महापालिका करतात. काठावरचं सुशोभीकरण, दिवे, साफसफाई, गणेश विसर्जनाची व्यवस्था ही कामं त्यांचीच. सांडपाण्यावर प्रक्रिया करूनच ते सोडायचं हेही त्यांच्यावरच, आणि ते होतं की नाही हे तपासायचं काम महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाचं. म्हणजे नाला तळ्यात मिळत असेल तर तक्रार महापालिकेकडे आणि प्रत मंडळाकडे. पाण्याचा नमुना तुम्ही बाटलीत भरून नेला तर तो पुरावा म्हणून टिकत नाही. मंडळाच्या अधिकाऱ्याने नमुना घ्यावा असं पत्रात लिहा. दाद लागली नाही तर पुण्याचं हरित न्यायाधिकरण आहे.

विहार आणि तुळशी हा वेगळाच नमुना. तलाव मुंबई महापालिकेचे, विहार १८६० चा आणि तुळशी १८७९ चा. पण दोन्ही संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या आत आहेत, त्यामुळे भोवतालच्या जंगलावर वन विभागाची सत्ता. पाण्याला हे फार मानवलं आहे, पाणलोटात वस्ती नाही.

१०. एकाच तळ्यावर चार-पाच खाती आली तर शेवटचा शब्द कोणाचा?

लोणारचं उदाहरण घ्या. बुलढाणा जिल्ह्यातलं हे विवर २००० मध्ये वन्यजीव अभयारण्य झालं, म्हणून पाणी आणि काठ वन विभागाकडे. विवरातली देवळं भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या कक्षेत. विवराच्या कडेला गाव आहे, त्याचं सांडपाणी नगर परिषदेचं. रस्ते आणि पर्यटन आणखी वेगळ्यांकडे. जून २०२० मध्ये पाणी गुलाबी झालं, तपासणीत क्षारप्रिय सूक्ष्मजीव सापडले. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये लोणार रामसर स्थळ, म्हणजे रामसर करारानुसार आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, ठरलं. या सगळ्यांना एका टेबलाशी बसवण्याचं काम वर्षानुवर्षं मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाला करावं लागलं.

एरवी हे काम जिल्हाधिकाऱ्यांचं आहे. आदेश प्रत्येक खातं आपल्या कायद्याने देतं, पण बैठक बोलावण्याचा अधिकार आणि जमिनीची मालकी दोन्ही जिल्हाधिकाऱ्यांकडे असतात. तुमच्या पत्रात "संयुक्त पाहणी करावी" हे तीन शब्द जरूर घाला. संयुक्त पाहणीत सगळे एकाच पाळीवर उभे असतात, "आमच्याकडे नाही" म्हणायला समोरच माणूस असतो.

११. पाळ फुटेल अशी भीती वाटते. पावसाळा तोंडावर आहे. कोणाला कळवू?

आधी तहसीलदार आणि जिल्हा आपत्ती नियंत्रण कक्षाला, त्याच दिवशी, फोन आणि लेखी दोन्ही. मग पाळ ज्यांची आहे त्यांना. इथे खातं शोधत बसू नका. २ जुलै २०१९ च्या रात्री चिपळूण तालुक्यातलं तिवरे धरण फुटलं आणि वीसहून जास्त माणसं गेली. गळतीबद्दल गावकऱ्यांनी आधीच कळवलं होतं.

गळती कशी आहे ते लिहा. पाळीच्या बाहेरच्या पायथ्याशी स्वच्छ पाणी झिरपत असेल तर नजर ठेवायची. तेच पाणी गढूळ यायला लागलं तर आतली माती वाहून चालली आहे. मग वाट पाहत थांबू नका, खालच्या वस्तीला तेव्हाच हलवायला सांगा.

१२. आमचं तळं 'पाणथळ' म्हणून संरक्षित आहे का?

२०१७ चे पाणथळ जागा नियम रामसर स्थळांना आणि शासनाने अधिसूचित केलेल्या पाणथळांना लागू होतात. तिथे भराव, अतिक्रमण, कचरा, प्रक्रिया न केलेलं सांडपाणी यांना बंदी आहे. पण पिण्याचं पाणी, सिंचन, मत्स्यपालन, मीठ किंवा करमणूक यांसाठी खास बांधलेले जलसाठे या व्याख्येतून वगळलेले आहेत. म्हणजे बहुतेक मामा तलाव एका ओळीत बाहेर पडतात. गोंदियातल्या ज्या तळ्यांवर सारस उतरतात त्यांतली कितीतरी सिंचनाची आहेत. मला ही पळवाट मनापासून खुपते.

तरी हात टेकू नका. नाशिक जिल्ह्यातला नांदूर मधमेश्वर हा इंग्रजांच्या काळात सिंचनासाठी घातलेला बंधारा आहे आणि जानेवारी २०२० मध्ये तोच महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ ठरला. सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्येच सव्वादोन हेक्टरांवरच्या २,०१,५०३ पाणथळांना नियमांतल्या तत्त्वांचं संरक्षण द्यायला सांगितलं आहे. तुमचं तळं त्या यादीत आहे का ते आधी बघा. पवई मानवनिर्मितच आहे, तरीही मे २०२२ मध्ये उच्च न्यायालयाने तिथल्या सायकल मार्गाचं काम बेकायदा ठरवून भराव काढायला लावला.

१३. आमचं गाव पेसात येतं. मग वरचं सगळं बदलतं का?

बरंच बदलतं. १९९६ च्या पेसा कायद्याने, म्हणजे अनुसूचित (आदिवासी) क्षेत्रांतल्या पंचायतींच्या कायद्याने, त्या क्षेत्रात लहान जलसाठ्यांचं नियोजन आणि व्यवस्थापन पंचायतीकडे सोपवलं. महाराष्ट्राने २०१४ मध्ये नियम केले आणि ग्रामसभेचं स्थान स्पष्ट झालं. वन हक्क कायदा २००६ मध्ये तर जलसाठ्यातले मासे आणि इतर उपज यांवरचा सामूहिक हक्क नावानिशी लिहिलेला आहे. तळं वनक्षेत्रात असेल तर सामूहिक दाव्यात त्याचा वन विभागाचा कक्ष क्रमांक टाकायला विसरू नका. गडचिरोलीतल्या कितीतरी दाव्यांत बांबू आणि तेंदू आले, तळं राहून गेलं.

१४. दोन्ही कार्यालयं म्हणतात 'आमच्याकडे नाही'. आता काय?

माहिती अधिकाराचा अर्ज करा. या कायद्याचं कलम ६(३) सांगतं की माहिती दुसऱ्या कार्यालयाकडे असेल तर अर्ज परत करायचा नाही, पाच दिवसांत तिकडे पाठवायचा आणि तुम्हाला कळवायचं. म्हणजे खातं शोधायचं काम कार्यालयावरच पडतं. दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट, एकच विषय, दीडशे शब्दांच्या आत. विचारा इतकंच: "अमुक गट क्रमांकातील तलावाची पाळ, सांडवा व विमोचक यांच्या देखभालीची जबाबदारी ज्या आदेशाने आली त्याची प्रत." विमोचक म्हणजे पाणी सोडायचं दार.

एका गळक्या दारासाठी मी दोन कार्यालयांत एक अख्खा उन्हाळा घालवला. जूनमध्ये दार तसंच होतं. त्यानंतर दिलेल्या या एका अर्जाने पंचवीस दिवसांत हस्तांतराचा आदेश हातात आला.

१५. तळं दोन तालुक्यांच्या हद्दीवर आहे. अर्ज कोणत्या तालुक्यात करायचा?

जमिनीचा प्रश्न असेल तर ज्या बाजूला अतिक्रमण आहे त्या तालुक्यात. पाळीचा, दाराचा किंवा सांडव्याचा असेल तर ती बांधकामं ज्या बाजूला आहेत तिथल्या कार्यालयात. मोजणी मात्र दोन्हीकडे एकाच वेळी मागा आणि ती उन्हाळ्यात मागा. हद्दीचा दगड पाण्याखाली असेल तर मे महिन्यातच तो दिसतो.